गुळाच्या जातीचं पॉलिश, दह्याच्या जातीचं पॉलिश

चहाचा गरम कप टेबलावर सरळ ठेवला आणि उचलल्यावर खाली पांढरं कडं उमटलेलं दिसलं, असं बहुतेक घरांत एकदा तरी झालेलं असतं. शेजारच्यांचं टेबलही सागाचंच, तसंच चकचकीत, पण त्यावर कितीही कप ठेवले तरी काही होत नाही. फरक लाकडात नसतो, वरच्या पॉलिशमध्ये असतो. पण पॉलिश करून घेताना आपण विचारतो काय, तर ‘फुटाला किती?’ आणि ‘चमक किती येईल?’ मिस्त्री विचारतो, ‘फ्रेंच करू, मेलामाइन करू का पीयू?’ आणि आपण दर बघून मान हलवतो.

मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करतो. रंधा, पटाशी, करवत यांचं एक बरं असतं, चूक झाली की तिथल्या तिथे दिसते. पॉलिशमधली चूक आठवड्यानं दिसते, कधी पावसाळा लागल्यावर, तर कधी पाच वर्षांनी थर सुटायला लागल्यावर. दुकानात डबे आणि नावं इतकी असतात की नवा माणूस गोंधळतोच. पण या डब्यांच्या मागे मुळात दोनच रीती आहेत आणि त्या स्वयंपाकघरात उभं राहून छान कळतात.

गूळ पाण्यात विरघळवा आणि ते पाणी ताटलीत पसरून उन्हात ठेवा. पाणी उडून जातं, गूळ मागे राहतो. पुन्हा पाणी घातलं की पुन्हा विरघळतो, कारण मधल्या काळात गुळाचं काहीच बदललेलं नसतं. आता दुधाला विरजण लावा. सकाळी दही तयार असतं आणि त्यात कितीही पाणी घाला, कितीही घुसळा, दूध परत मिळत नाही.

लाखेचं पॉलिश, म्हणजे मिस्त्री ज्याला फ्रेंच म्हणतो ते, गुळासारखं आहे. स्पिरिट उडून जातं, लाख लाकडावर राहते. थिनरमध्ये कालवलेलं लॅकरही तसंच. मेलामाइन, दोन डब्यांचं पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, तेलाचं व्हार्निश आणि जवसाचं तेल मात्र दह्यासारखं आहे. त्यात नुसतं काही उडून जात नाही, तर रासायनिक क्रिया होऊन रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंततात, आणि एकदा गुंतले की सुटत नाहीत.

एवढं लक्षात आलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. गुळाच्या जातीचं पॉलिश खराब झालं तर त्याच द्रावणाचं फडकं फिरवून ते ओलं करता येतं, सारखं करता येतं. नवा हात मारला की तो जुन्या थराला थोडा विरघळवतो आणि त्यात एकजीव होतो, म्हणून दहा हात दिले तरी थर एकच. दह्याच्या जातीत तसं होत नाही. आधीचा थर पक्का झाला असेल तर नव्या थराला धरायला जागा लागते, म्हणून दोन हातांच्या मधे पॉलिश पेपर मारावाच लागतो. हा पेपर ज्यानं टाळला, त्याच्या कामाचे वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. उलट मजबुतीत दह्याची जात वरचढ. गरम भांडं, पाणी, घासणं हे सगळं ती सोसते. पण ओरखडा खोल गेला तर तेवढाच भाग दुरुस्त करणं फार कठीण, बऱ्याचदा पूर्ण फळी घासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

आता लाखेबद्दल जरा निवांत बोलू, कारण माझा जीव तिच्यावर आहे आणि तिची कथाही आपल्याच जंगलातली आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीटक बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतो. तीच लाख. झारखंड आणि छत्तीसगडमध्ये ती मोठ्या प्रमाणावर निघते, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात निघते. रांचीजवळ नामकुम इथे तर लाखेच्या संशोधनासाठी १९२४ सालापासून संस्था आहे. फांद्यांवरून लाख खरवडतात, धुऊन तिचा लाल रंग काढतात, वितळवतात, ताणून पातळ पत्रा करतात आणि तो मोडतात. बाजारात चपडा म्हणून मिळतात ते हे मधाच्या रंगाचे चपटे तुकडे.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ज्या तबकड्यांवर बालगंधर्वांची पदं घरोघरी पोचली, त्या तबकड्यांतही लाखच असायची. पाकिटावरचा शिक्का, लाखेच्या बांगड्या, औषधाच्या काही गोळ्यांवरची चकाकी, सगळीकडे तीच. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणीवाले तर स्पिरिटही वापरत नाहीत. लेथवर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरते. उष्णतेनं वितळते हे मुद्दाम सांगितलं. तुमच्या टेबलावरच्या कड्याचं कारण तेच. गरम कपाखाली लाख मऊ पडते, कपाखालची वाफ तिच्यात शिरते आणि तिथे ती पांढुरकी दिसते. स्पिरिटचा अगदी पुसटसा हात दिला की लाख क्षणभर सैल होते, अडकलेला ओलावा निघून जातो आणि कडं बहुतेक वेळा नाहीसं होतं. पीयूच्या टेबलावर हा उपाय चालत नाही, पण तिथे सहसा कडंही पडत नाही.

लाख स्पिरिटला भुलते तशी सॅनिटायझरलाही, कारण त्यातही अल्कोहोलच असतं. कोरोनाच्या काळात दाराच्या मुठीपाशी आणि खुर्च्यांच्या हातांवर जे चिकट, फिकट डाग पडले, त्यातले कितीतरी असेच पडले. सोड्याच्या पाण्यानंही लाखेचं फर्निचर पुसू नये. सोडा तिला विरघळवतो.

घरी करून बघायचं असेल तर एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा घ्या. काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा आणि सुती कापडातून गाळून घ्या. तळाशी जो गढूळ थर बसतो तो लाखेतल्या मेणाचा. नुसतं लाखेचंच काम असेल तर हे मेण त्रास देत नाही, पण पुढे त्यावर पीयू मारायचं असेल तर वरचं नितळ द्रावणच घ्या, मेणावर पीयू धरत नाही. बरणीवर तारीख लिहायला विसरू नका. स्पिरिटमध्ये राहून राहून लाख हळूहळू बदलत जाते आणि वर्षभर जुनं द्रावण कधी कधी वाळतच नाही, चिकट राहतं. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी नख लावून बघा. नखाचा व्रण उठला तर ते द्रावण फर्निचरवर न्यायचं नाही. आणि दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट हे विष आहे. त्यात मिथाइल अल्कोहोल असू शकतं. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा जवळ नको.

लावण्याची रीत बघण्यासारखी असते. जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या तुकड्यात कापूस बांधून लिंबाएवढी पुरचुंडी करायची. कापूस द्रावणात भिजवायचा, वरून कापड बांधायचं, तळ सपाट करायचा, तळहातावर दाबून बघायचं, ओल जाणवली पाहिजे पण थेंब गळता कामा नये. मग विमान धावपट्टीला टेकतं तसं चालत्या हातानं फळीवर टेकायचं, थांबायचं नाही, चालत्या हातानंच उचलायचं. एका जागी हात थबकला की खालची लाख विरघळते आणि कापडाचं विणकाम तिथे छापलं जातं. आधी लाकडाच्या रेषेबरोबर, मग छोट्या गोलांत, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं. पुरचुंडी ओढली जायला लागली तर तळाला तेलाचा एक थेंब. हात फिरून गेल्यावर मागे श्वासासारखी एक पुसट ओल दिसते आणि लगेच उडते. ती दिसली की समजावं, प्रमाण जमलंय. थर पातळ आणि हात जास्त, हाच याचा सगळा जीव. घाईनं दोन जाड हात देऊन जे होतं त्याला चमक येते, पण खोली येत नाही.

आता पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जाणते पॉलिशवाले पावसात काम घ्यायला का-कू करतात, आणि त्यांचं बरोबर असतं. स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, घाम उडताना आपल्याला गार वाटतं तसाच. हवा आधीच ओलाव्यानं भरलेली असेल तर त्या गार पृष्ठभागावर दव धरतं आणि ओल्या थरात अडकून बसतं. पॉलिश दुधाळ होतं. एका जुलैमध्ये मी लॅकर मारलेला एक सुंदर पाट डोळ्यांदेखत असा पांढरा पडताना पाहिला. त्या दिवशी मला वाटलं थिनर भेसळीचा आहे. थिनर ठीक होता, हवा ओली होती. अशा वेळी थर खरवडायची घाई करू नये. कोरडी हवा मिळेल त्या दिवशी थिनरचा पुसट हात दिला की गुळाच्या जातीचा थर पुन्हा उघडतो आणि ओल निघून जाते. सावकाश उडणारा थिनरही मिळतो, त्यामुळे पृष्ठभाग एवढा गार पडत नाही. पण सर्वांत चांगलं म्हणजे थांबणं.

लॅकरबद्दल फार सांगायला नको. तो फवाऱ्यानं मारतात आणि पटकन वाळतो. मिस्त्रींच्या तोंडी असलेला ‘ड्युको’ हा शब्द मात्र जाताजाता सांगण्यासारखा आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीनं मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग काढला, त्याचं ते नाव. मोटारीवरून ते फर्निचरवर आलं आणि आज आपल्याकडे फवारलेल्या कुठल्याही गुळगुळीत रंगाला ड्युको म्हणतात, डब्यात काहीही असो. म्हणून ‘ड्युको केलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका, डब्यात काय आहे ते विचारा.

मेलामाइन आणि पीयू दोन डब्यांत येतात. एकात मूळ द्रव, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनर हे त्याचं विरजण. दोन्ही एकत्र केले की घड्याळ सुरू झालं, ठरावीक तासांनी भांड्यातच घट्ट होणार, मग थिनर ओतून काही उपयोग नाही. म्हणून लागेल तेवढंच कालवायचं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते मापानंच घ्यायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त ओतणारे खूप जण आहेत. त्यानं थर ठिसूळ होतो आणि पुढे तडकतो. थंडीत दही लागायला वेळ लागतो तसं महाबळेश्वर-नाशिककडे डिसेंबरात यालाही वेळ लागतो.

इथे एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनंही त्रास होतो. मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. नाकाला रुमाल बांधून किंवा धुळीचा साधा मास्क लावून बंद खोलीत फवारणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो, पीयूच्या फवाऱ्याला तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा चांगला. तुमच्या घरी काम चालू असेल तर खिडक्या उघड्या आहेत ना आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे, हे बघा. त्याला मास्क घेऊन द्या. फर्निचरच्या एकूण खर्चात तो कुठेच दिसत नाही.

दह्याच्या जातीतलं सर्वांत जुनं आणि सौम्य म्हणजे जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याच बियांचं. रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते यातलंच, पण त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून पोळपाटाला, चमच्यांना ते नको. हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, इतकं की त्याचं वजन वाढतं. याचं विरजण म्हणजे हवा. भरपूर लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. पुसलं नाही तर महिनाभर हाताला चिकटेल असा थर राहतो. सागात स्वतःचं तेल असतं आणि त्यातली द्रव्यं या घट्ट होण्याला अडथळा करतात, म्हणून सागावर तेल किंवा तेलाचं व्हार्निश लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच काम सुरू करावं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल मात्र फर्निचरला लावू नका. ती तेलं घट्ट होतच नाहीत, धूळ धरतात आणि खवट होतात.

पण जवसाच्या तेलाचं खरं सांगायचं ते पुसलेल्या फडक्याबद्दल. ऑक्सिजन घेताना या तेलातून उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते. चुरगळून फेकलेल्या फडक्यांच्या बोळ्यात ती अडकते, उष्णता वाढली की क्रिया आणखी वेगानं होते, आणि काही तासांत फडकं आपोआप पेटू शकतं. काडी नको, ठिणगी नको. अमेरिकेत फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अशीच पेटली. बाविसाव्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी फळ्यांना तेल लावण्याचं काम चालू होतं आणि कामगारांनी तेलाची फडकी तिथेच ठेवली होती. तीन अग्निशमन जवान मेले. आग आठ मजले खात वर गेली आणि तिसाव्या मजल्यावर आपोआप पाणी सोडणारे फवारे होते म्हणून तिथे थांबली. फडकी पलंगाखाली, कचऱ्याच्या पिशवीत, भुश्श्याच्या पोत्यात टाकायची नाहीत. एकेक उलगडून बाहेर दोरीवर वाळत घालायची, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायची. माझ्याकडे दाराबाहेर खिळ्याला एक दोरी बांधलेली आहे, ती फक्त याच कामाची.

आता एक गैरसमज, जो जवळजवळ सगळ्यांचा असतो. पॉलिश केलं की लाकूड ‘बंद’ झालं असं आपण धरतो. तसं होत नाही. कुठलंही पॉलिश ओलावा पूर्ण अडवत नाही, फक्त त्याचं येणंजाणं मंद करतं. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, तेही आडव्या रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. सागासारखं शांत लाकूडसुद्धा फूटभर रुंदीच्या सरळ चिरलेल्या फळीत पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तीनेक मिलिमीटर सहज हलू शकतं. ऑगस्टमध्ये दार चौकटीत अडकतं, आपण सुताराला बोलावतो, तो कडेवर रंधा मारतो, दार सुरेख बसतं, आणि जानेवारीत फटीतून उजेड दिसायला लागतो.

अशा वेळी दाराची वरची आणि खालची कड बघा. खाली आरसा सरकवला की दिसते. दहातल्या आठ दारांना तिथे पॉलिशचा एक थेंबही नसतो. समोरचा भाग तीन हात देऊन चकाकवलेला आणि खालची कड कोरी. तिथे उभ्या पट्ट्यांची टोकं असतात. झाडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात आणि त्यातून पाणी बाजूपेक्षा कितीतरी पट वेगानं आत जातं, लादी पुसल्याचंसुद्धा. दार बिजागरीतून काढलेलं असेल तेव्हाच या दोन कडांना तीन-चार हात द्यायला सांगा. टेबलाचंही तसंच. वरच्या बाजूला पॉलिश आणि खालची बाजू कोरी असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगानं ओलावा घेतात आणि फळी वाकते.

मग कुठे काय करावं? माझं मत सरळ आहे. जेवणाचं टेबल, ओटा, मुलांचं अभ्यासाचं टेबल इथे पीयू. देव्हारा, कपाट, जुनी आरामखुर्ची, ज्यावर गरम-ओलं येत नाही आणि जे पन्नास वर्षांनी कुणीतरी पुन्हा उजळवावं असं वाटतं, तिथे लाख. हातात घ्यायच्या वस्तू, हत्यारांच्या मुठी यांना जवसाचं तेल, कारण तिथे लाकूडच हाताला लागलं पाहिजे.

जुन्या वस्तूवर काय आहे हे कळत नसेल तर ती वस्तूच सांगते. मागच्या किंवा आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर थिनरनं तेच करा, मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर दह्याची जात. आमच्या आजोळच्या कपाटावर मी हा बोळा धरला तेव्हा घरातले सगळे म्हणत होते, काळं पडलंय, सगळं खरवडून पीयू करून टाक. बोळा उचलला तर कापसावर गडद तपकिरी रंग आला होता आणि खाली बोटाएवढी जागा मधासारखी उजळ झाली होती. लाकूड काळं पडलंच नव्हतं, कित्येक वर्षांचा धूर आणि हातांचा मळ वरच्या लाखेत बसला होता. खरवडायचा बेत तिथेच रद्द झाला. फडकी बदलत बदलत स्पिरिटनं वरचा थर काढायला दोन संध्याकाळ लागल्या, तिसऱ्या दिवसापासून नव्या लाखेचे पातळ हात सुरू केले.